टोकाशी नखभर फट

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि मी जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर कुंड्यांना पाणी घालत होते. फोन धुळ्याहून पुतण्याचा, प्रशांतचा. "काकू, नाना गेले... पहाटे, झोपेतच," एवढंच तो बोलला. मग थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही स्वतः गाडी चालवत येऊ नका. कुणाला तरी सोबत घ्या." मी हो म्हटलं, नळ बंद केला, साडी बदलली आणि गाडी काढली. सोबत कुणाला तरी घ्यायचं होतं हे एरंडोल मागे पडल्यावर आठवलं. दोन तासांच्या त्या रस्त्यात मी रडले नाही. स्टिअरिंग हातात असताना रडायचं नाही, एवढी शिस्त अंगात मुरली आहे आता. रडले ती धुळ्याला पोचून, गाडी नानांच्या फाटकाबाहेर लावल्यावर. ती लावताना सवयीने निंबाच्या सावलीत लावली आणि मग एकदम लक्षात आलं, की आता फाटक उघडून गाडीभोवती फेरी मारायला कुणी येणार नाही.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. आमच्याकडे जेठ म्हणतात. माझ्या यजमानांपेक्षा, मधुकररावांपेक्षा, ते अकरा वर्षांनी मोठे. उभी हयात बसगाड्यांच्या वर्कशॉपात गेली, तीही बॉडी विभागात. इंजिन दुरुस्त करणारे लोक स्वतःला डॉक्टर समजतात, असं ते म्हणत. ते स्वतः पत्रे, खिडक्या, कडेच्या पट्ट्या आणि रिव्हेट यांतले. उंच, काटकुळे, कपाळावर कायम आठी. आणि बोलणं असं तोलूनमापून, की घरात त्यांचा आवाज ऐकू आला तर मांजरही मान वर करून बघे.

माझ्याशी तर ते बोलतच नसत. यात राग-लोभ काही नव्हता. जेठाने धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही आणि तिने त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू द्यायचा नाही, अशी आमच्या घरातली जुनी रीत. बाकीच्या घरांत ती केव्हाच सैल पडली होती, पण नानांनी धरून ठेवली होती. मी शाळेत मराठी शिकवते, दिवसाचे सहा तास बोलण्याचंच काम करते, आणि या माणसाशी लग्नानंतरच्या पहिल्या सव्वीस वर्षांत माझं एकही वाक्य झालेलं नव्हतं. त्यांना चहा हवा असला की ते भिंतीकडे बघून म्हणत, "चहा मिळाला तर बरं होईल." मी चहा ठेवला की कपाकडे बघून म्हणत, "साखर कमी लागते." मी जाऊबाईंना, म्हणजे अक्कांना, विचारायची की नानांना मी आवडत नाही का हो. अक्का हसून सांगायच्या, की त्यांना आवडत नाही ती चिकटपट्टी, बाकी बठ्ठं, म्हणजे सगळं, चालतं. मला ते खरं वाटायचं नाही. कितीतरी वर्षं मी मनात धरून होते, की या माणसाला माझं नोकरी करणं खुपतं.

चार वर्षांपूर्वी मधुकरराव गेले. आम्ही दोघंही अमळनेरच्या बाजूला नोकरीला होतो, ते कचेरीत आणि मी अमळनेरच्या पुढे एका खेड्यातल्या शाळेत. रोज जाणं-येणं आमच्या पांढऱ्या गाडीने. चालवायचे ते. मी गाडी शिकले होते, परवानाही होता, पण तो पर्समध्ये फोटो ठेवतात तसा ठेवलेला. त्यांच्या पश्चात प्रश्न असा आला की त्या खेड्यात शाळेच्या वेळेला पोचवणारी एसटी एकच, आणि ती चुकली की दिवस गेला. गाडी चालवली तर नोकरी राहणार होती, नाहीतर मुदतीआधीच निवृत्ती घ्यावी लागणार होती. माझा मुलगा निखिल पुण्याला असतो. त्याने आईची काळजी केली, त्यात गैर काही नव्हतं, पण त्या काळजीचा अर्थ एवढाच होता की गाडी विकायची, नोकरी सोडायची आणि पुण्याला त्याच्या दोन खोल्यांत राहायला जायचं. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला गाडी होतीच. अकरा वर्षांची झालेली. पुढच्या बंपरचं एक टोक सुतळीने बांधलेलं. चाकावरच्या कमानीचं काळं प्लास्टिक भोकापाशी फाटून लटकलेलं. दारांच्या खाली चाकापासून चाकापर्यंत जाणारी काळी पट्टी दोन्ही बाजूंनी सुटलेली, आणि मधुकररावांनी ती जिथे जिथे सुटली तिथे तिथे चिकटपट्टी आणि गोंद थापून ठेवलेला. माझे यजमान चांगले होते, पण हाताने काही करायला घेतलं की घरातले लोक दुसऱ्या खोलीत जात. गाडी सुरू केली की सगळं प्लास्टिक मिळून वाजायचं. "आई, ही गाडी रस्त्यात सुटी होईल," निखिल म्हणाला.

निर्णय थोरल्यांनी द्यायचा म्हणून नानांना जळगावला बोलावलं. मला वाटलं, झालं, आता संपलं. नाना सकाळच्या बसने आले, पाणी प्यायले आणि थेट गाडीकडे गेले. बॉनेट उघडून बघितलं, खाली वाकून पत्रा ठोकून बघितला, गाडी सुरू करून कान लावला. मग त्या लोंबत्या पट्ट्यांपाशी उकिडवे बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. एकेक चिकटपट्टी नखाने सोलून काढून बाजूला ठेवत होते, आणि चेहरा असा, की कुणीतरी त्यांच्या भावाची चूक त्यांना दाखवून देतंय. उठल्यावर निखिलला म्हणाले, "गाडी बठ्ठी चांगली शे. पट्ट्या सैल शेतस, एवढंच." निखिलने काहीतरी समजावायचा प्रयत्न केला. नानांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की आखाजीपर्यंत गाडी राहू दे. तोपर्यंत तिला गाडी सांभाळता आली तर गाडी राहील, नाही आली तर मी स्वतः गिऱ्हाईक बघतो. तिला म्हणजे मला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, पदर डोक्यावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, सात महिने होते.

सांभाळणं म्हणजे नुसतं चालवणं नव्हे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. नाना मुक्कामाला राहिले होते. सकाळी अंगणात गाडीशेजारी बसून ते गाडीशी बोलायला लागले. "आधी जुना गोंद बठ्ठा निघाले पाहिजे," ते बंपरला म्हणाले. मी खिडकीतून ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "कोणी पट्टी धरं तं बरं व्हयी." अंगणात दुसरं कुणी नव्हतं. मी बाहेर गेले आणि पट्टी धरली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही मान वर केली नाही, आणि अशा रीतीने माझी शिकवणी सुरू झाली. त्या दोन दिवसांत त्यांनी मला जे शिकवलं ते सगळं गाडीला सांगितलं. गोंद रॉकेलने सोडवायचा, पण मग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, नाहीतर नंतरचं काही धरत नाही. आतल्या क्लिपा तुटलेल्या असल्या तर तुटलेलीच क्लिप दुकानात घेऊन जायची, तोंडी वर्णन करायचं नाही. फाटलेल्या भोकावर मोठा वॉशर बसवायचा म्हणजे स्क्रूचं डोकं आत ओढलं जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पट्टीचं मधलं भोक गोल ठेवायचं, टोकाची भोकं कानशीने लांबट करायची. मधला स्क्रू गच्च, टोकाचे आवळून अर्धा फेरा मागे. आणि दोन्ही टोकांशी नखभर फट.

ती फट मला अजिबात आवडली नाही. उजव्या बाजूची पट्टी त्यांनी माझ्याकडून बसवून घेतली, तर तिच्या टोकाच्या आणि कमानीच्या मध्ये पांढरा पत्रा डोकावत होता. मी अक्षर नीट काढणारी बाई, समासही मोजून सोडणारी. मला ते काम अर्धवट सोडल्यासारखं दिसायचं. पण विचारणार कुणाला? रीतच अशी की प्रश्न विचारायची सोय नाही. मी विद्यार्थ्यांना रोज सांगते की समजलं नाही तर हात वर करा, आणि इथे मी पदर सावरत गप्प. डाव्या बाजूची पट्टी मधोमध तडकलेली होती, नवी आणावी लागणार होती. "डावी नंतर करता येईल," नाना गाडीला म्हणाले. एक छोटा पत्र्याचा डबा त्यांनी डिक्कीत ठेवला. त्यात स्क्रूड्रायव्हर, करवतीचं पातं, कानस, मूठभर क्लिपा आणि वॉशर होते. आणि ते धुळ्याला निघून गेले.

गाडी मी चालवायला लागले. पहिला महिना आमच्या गल्लीतले लोक मी निघाले की आपापल्या स्कूटी आत घ्यायचे. मग सवय झाली, त्यांना आणि मला. डिसेंबरात दोन दिवस सुट्टी आली, तेव्हा मी नवी पट्टी आणली आणि डावी बाजू बसवायला घेतली. कडाक्याची थंडी होती, बोटं आखडत होती. पट्टी मी अगदी मापात कापली, कमानीपासून कमानीपर्यंत, केसभरही जागा न सोडता. टोकाची भोकं लांबट करायचा कंटाळा केला. पाचही स्क्रू दातओठ खाऊन आवळले, आणि वरून थोडा गोंदही लावला, कारण शेवटी मी मधुकररावांची बायको. दोन्ही बाजू बघितल्या तर माझी बाजू नानांच्या बाजूपेक्षा शंभर पटींनी सुबक दिसत होती. मी मोबाइलवर फोटो काढून निखिलला पाठवला. आमच्याकडे थंडीत काम करताना लोक विसरतात की मे महिना येणार आहे. दरवर्षी येतो, तरी विसरतात.

आखाजी आली. आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, पण त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागरही भरतात. मधुकररावांची घागर थोरल्या घरी, धुळ्याला भरायची होती. निखिल पुण्याहून परस्पर तिकडे आला होता, बाकीचे नातेवाईक जमले होते. मी सकाळी निघाले, पण वाटेत एका मैत्रिणीकडे थांबले आणि उन्हात सापडले. पारोळा मागे टाकलं आणि डाव्या बाजूने कुणीतरी काठी मारल्यासारखा आवाज झाला. मग फडफड सुरू झाली. गाडी बाजूला घेऊन उतरले तर माझी सुबक पट्टी मधून धनुष्यासारखी बाहेर वाकली होती, पुढच्या टोकाचा स्क्रू प्लास्टिक फाडून सुटला होता आणि ते टोक रस्त्याला घासत होतं. पट्टीला हात लावला तर चटका बसला. मला उन्हाचं काही वाटलं नाही. एवढंच दिसत होतं की नानांच्या दारात सगळे उभे आहेत, निखिल पुढे आहे, आणि मी ही लोंबती गाडी घेऊन त्यांच्यासमोर उतरतेय. आखाजीचा दिवस ठरलेला होता. तिथल्या तिथे गाडी जाणार, गाडीबरोबर शाळा जाणार, आणि मी पुण्याच्या त्या खोलीत खिडकीशी बसणार.

मी अक्कांना फोन लावला. फोन नानांनी उचलला. एरवी ते माझा आवाज ऐकला की फोन अक्कांकडे धरायचे. त्या दिवशी अक्का खापरावर मांडे करत होत्या, हात पिठात. मागे झोक्यावरच्या बायकांची गाणी ऐकू येत होती... शेवटी मीच म्हटलं, "नाना, डावी पट्टी सुटली. मी फट सोडली नव्हती." आणि मग सव्वीस वर्षं अधिक सात महिन्यांनी नानांनी माझं नाव घेतलं.

"शैला, घाबरू नको," ते म्हणाले. "गाडी सावलीमा उभी शे ना?"

सावलीत नव्हती. शंभर पावलांवर निंब होता, तिथे गाडी हळू नेली. फोन मी चालूच ठेवला होता. ते सांगत गेले आणि मी करत गेले. टोकाचे स्क्रू काढ, मधल्याला हात लावू नको. ओला फडका टाकून पट्टी निवू दे, उन्हात प्लास्टिक वाढतं, त्याला फट लागते. तापलेली असताना जोर केलास तर तडकेल. निवली की दोन्ही टोकांना नखभर काप, डब्यात पातं आहे. भोकं लांबट कर, घाई करू नको, मांड्यांना वेळ आहे. गाडीला नाही, भिंतीला नाही, मला सांगत होते. पाऊण तास लागला. फाटलेल्या भोकावर वॉशर ठेवला, मधला गच्च, टोकाचे आवळून अर्धा फेरा मागे. करवतीचा काळा भुसा साडीभर झाला होता. फोन ठेवण्याआधी मी त्यांना विचारलं की फट का सोडायची हे तेव्हाच का नाही सांगितलं. ते म्हणाले, "तू विचारंच नही." माझ्यावरच उलटवलं, आणि तेही खरंच होतं.

मी पोचले तेव्हा सगळे दारात होतेच. निखिल माझ्या साडीकडे बघत राहिला. नाना फाटक उघडून बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, डाव्या बाजूला उकिडवे बसले आणि पुढच्या टोकाच्या फटीत अंगठ्याचं नख घालून बघितलं. मग मागच्या टोकाच्या. उठताना गुडघा धरला आणि निखिलला म्हणाले, "आते गाडी इकानी गोष्ट काढू नका." गाडी विकायचा विषय तिथेच संपला. रात्री जेवताना त्याने मला विचारलं की करवत तू स्वतः चालवलीस? त्या विचारण्यात काळजी नव्हती, कौतुक होतं, आणि माझ्या मुलाच्या तोंडून ते ऐकायला मला मे महिन्याचं ऊन खावं लागलं. नाना मात्र पुन्हा आपल्या जागी गेले होते. दाराच्या चौकटीकडे बघून म्हणत होते, "उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यायची पद्धत होती या घरात."

त्यानंतर घरात ते माझ्याशी पूर्वीसारखंच भिंतीआडून बोलत राहिले, पण फोनवर नाही. फोनवर रीत लागू नव्हती, असं बहुधा त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचा. गाडीची चौकशी, मग शाळेची, आणि शेवटी नेमानं एक प्रश्न, की मुलं काय म्हणतात. माझं नोकरी करणं त्यांना खुपतं असं मी मानत होते, आणि हा माणूस माझ्या सातवीतल्या पोरांची नावं लक्षात ठेवून होता. दर पावसाळ्याआधी ते धुळ्याहून येऊन गाडीभोवती फेरी मारायचे आणि माझ्या कामातली खोट गाडीला सांगायचे. खोट कमी होत गेली. गेल्या वर्षी ते फेरी मारून उठले आणि काहीच बोलले नाहीत. सरळ चहा मागितला, भिंतीकडे. मी त्या दिवशी चहात साखर जास्त घातली आणि त्यांनी तो मुकाट्याने प्यायला.

यातून कुणी नात्यांचा धडा काढू नये. नाना तसल्या बोलण्यावर उठून जात. त्यांनी मला एक पट्टी बसवायला शिकवली. त्या पट्टीमुळे गाडी राहिली, गाडीमुळे शाळा राहिली, आणि शाळेमुळे मी माझ्या घरात, माझ्या नावाने राहते आहे. दोन वर्षांनी नियमाप्रमाणे निवृत्त होईन. त्यांच्या हयातीत हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. फोनवर एकदा सुरुवात केली होती, तर त्यांनी मधेच विचारलं की टायरमध्ये हवा किती आहे. म्हणून इथे लिहिते आहे. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत, आणि ते फेडायची मला घाई नाही.

तेराव्यानंतर अक्कांना कुठे ठेवायचं यावर घरात बोलणी सुरू झाली. सगळे बोलत होते, अक्का सोडून. शेवटी त्याच म्हणाल्या की मी चार दिवस जळगावला शैलाकडे जाते, मग तुमचं काय ते ठरवू. प्रशांत भाड्याची गाडी बोलवायला निघाला. अक्का म्हणाल्या, "शैलानी गाडी शे ना." मी गाडी ओट्याला लागून आणली. अक्का ओट्याच्या खालच्या पायरीवर बसून चपला घालत होत्या आणि गाडीची डावी बाजू त्यांच्या अगदी समोर होती. चपलेचा पट्टा हातातच राहिला. त्या पुढे वाकल्या आणि काळ्या पट्टीच्या टोकावरून त्यांनी बोट फिरवलं, मग फटीत घालून बघितलं.

"हाई यासनं काम शे ना?" त्या म्हणाल्या.

मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण नानांच्या कामाबद्दल अक्कांशी खोटं बोलणं माझ्याने होईना. "नाही अक्का, ही डावी बाजू," मी म्हटलं. "हे माझं काम आहे."

अक्कांनी पट्टा लावला, माझा हात धरून उठल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या.

"मंग? तेच तं सांगस मी," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं.